ड्रॉवरमध्ये सतरा योयो, हातात एकच



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता काउंटरमागे एक निळा, खरचटलेला योयो फिरवत होतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, खेळण्यांचं दुकान तुमचं, मग हातात असा घासलेला पीस का?" व्हिडिओत उत्तर द्यायला वेळ नव्हता. इथे सविस्तर लिहितो. यात माझी थोडी लाज जाणार आहे, पण चालेल.

गोष्ट मार्चची. माझं दुकान कराडला, स्टेशनरी आणि खेळणी. मार्चमध्ये परीक्षांचं वातावरण, पॅड आणि पेनं जातात, खेळणी हलत नाहीत. एका होलसेलरचं बेचाळीस हजारांचं पेमेंट थकलं होतं आणि मी त्याचा फोन दोनदा कट केला होता. त्याच आठवड्यात माझ्या नावाने कुरियर आलं. आत साडेसहा हजारांचा अ‍ॅल्युमिनियमचा योयो. बायकोने बॉक्स हातात घेतला, वरची किंमत वाचली आणि एक शब्द न बोलता काउंटरखालचा माझा ड्रॉवर ओढला. आत सोळा योयो. हा सतरावा. मग तिने शांतपणे विचारलं, "अहो, या सोळामधला नेमका कुठला बिघडलाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

बीबीएला असताना वर्किंग कॅपिटलच्या पेपरात मला चांगले मार्क होते, तुम्हाला मी तेच शिकवतो. आणि माझं स्वतःचं चाळीसेक हजारांचं वर्किंग कॅपिटल दोऱ्या गुंडाळून ड्रॉवरमध्ये झोपलं होतं.

ज्यांना योयो म्हणजे जत्रेतला प्लॅस्टिकचा, खाली टाकला की वर येणारा, एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जत्रेतल्या योयोची दोरी मधल्या दांडीला घट्ट बांधलेली असते, म्हणून तो खाली गेला की लगेच परत येतो. खेळणाऱ्यांच्या योयोत दोरी दांडीला बांधत नाहीत, तिच्याभोवती नुसता फास असतो. त्यामुळे योयो खाली जाऊन तिथेच फिरत राहतो. याला स्लीप म्हणतात. आजकालच्या योयोत मध्ये बॉल बेअरिंग असतं, आणि बरेचसे योयो तर नुसता झटका दिला तरी परत येतच नाहीत. त्यांना परत बोलवायला दोरीचा एक वळसा मुद्दाम मधल्या फटीत घालावा लागतो, त्याला बाइंड म्हणतात. पहिला बाइंड जमायला मला चार दिवस लागले. बोटाच्या नखाचं काय झालं ते विचारू नका.

आता योयो खेळणाऱ्यांना एक रोग असतो. ट्रिक जमली नाही की वाटतं, योयोच बरोबर नाही. अजून रुंद पाहिजे, अजून जड कडा पाहिजेत, बेअरिंग वेगळं पाहिजे. आणि गंमत म्हणजे नवा योयो आला की पहिले तीन दिवस ट्रिक खरंच थोडी बरी जमते! चौथ्या दिवशी आपण होतो तिथेच. मग सतरावा येतो.

बायकोच्या त्या प्रश्नानंतर मी स्वतःला एक चॅलेंज घेतलं. नव्वद दिवस एकच योयो. हे मी शोधून काढलेलं नाही, योयोवाल्यांमध्ये महिनाभर एकच योयो वापरायचं चॅलेंज बरेच जण घेतात. मी एक एप्रिलला सुरू केलं (मुहूर्त बघा). बाकीचे सोळा एका खोक्यात घातले, वर ब्राऊन टेप मारली आणि खोकं माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या मागे टाकलं. नियम साधा होता. दोरी बदलायची, बेअरिंग साफ करायचं, आतले रबरी पॅड झिजले तर बदलायचे, एवढी परवानगी. ती देखभाल झाली. नवी खरेदी शून्य.

कुठला ठेवायचा? साडेसहा हजारवाला ठेवायचा मोह झाला. पण मी प्लॅस्टिकचा रिप्ले प्रो ठेवला. गेन्ट्री स्टाइन नावाचा अमेरिकन खेळाडू आहे, त्याने २०१४ साली वर्ल्ड योयो कॉन्टेस्ट जिंकली, त्याच्या नावाचं हे मॉडेल. मला दीड हजाराच्या आसपास पडलं होतं. म्हटलं, चांगल्या प्लॅस्टिकवर जमलं नाही तर दोष कोणाचा ते तरी कळेल.

दोष कोणाचा ते आठव्या दिवशी कळलं.

एली हॉप नावाची ट्रिक आहे. योयो दोरीवर घ्यायचा, तिथून हवेत उडवायचा आणि परत त्याच दोरीवर झेलायचा. माझा योयो दोन-तीन उड्यांनंतर तिरका होऊन मरायचा. एक वर्ष मी त्याचं खापर योयोंवर फोडलं होतं. आता हातात दुसरा योयोच नाही, मग दोष शोधायचा कुठे? मोबाइल काउंटरवर उभा करून माझी फेक शूट केली. मनगट दर वेळी डावीकडे वळत होतं. फेक सरळ नसेल तर फिरणारा योयो हळूहळू कलतो, दोरी आतल्या एका भिंतीला घासायला लागते आणि फिरकी संपते. रुंद आणि कडेला वजन असलेला महागडा योयो ही चूक बराच वेळ झाकून ठेवतो. म्हणजे मी जे पैसे मोजत होतो ते माझी चूक झाकण्याचे होते! मला हे वाक्य लिहितानाही जरा टोचतंय.

मग पुढचे तीन आठवडे फक्त फेक. सकाळी शटर उघडायच्या आधी पन्नास, रात्री गल्ला मोजून झाल्यावर पन्नास. आणखी एक गोष्ट सापडली. उजव्या हाताने सारखं फेकत राहिलं की दोरीला पीळ चढतो, मग दोरीचे फास आपोआप वळायला लागतात आणि ट्रिक अडकते. थोड्या वेळाने योयो नुसता लोंबकळत सोडायचा, पीळ उतरू द्यायचा. एवढंच. आधी मी अशा वेळी दुसरा योयो उचलायचो. त्याला साहजिकच ताजी दोरी असायची आणि मला वाटायचं, हा जास्त स्मूथ आहे.

सगळं गोड चाललं होतं असं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी मी नियम मोडला. दुकानात दिवसभरात सातशे रुपयांचा धंदा, त्यात एका गिऱ्हाइकाशी वाद. रात्री माळ्यावर चढलो, टेप फाडली आणि साडेसहा हजारवाला काढून तासभर खेळलो. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी आकडा परत एकवर आणला. आणि त्याच आठवड्यात घासलेली दोरी वेळेवर न बदलल्यामुळे तुटली आणि निळा योयो सरळ काउंटरच्या काचेत गेला. काच अठराशेची. म्हणजे योयोपेक्षा महाग. दोरी काही रुपयांची असते मित्रांनो, देखभालीचं बजेट ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, सर याचा आमच्या धंद्याशी काय संबंध. माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्यांमध्ये मला तोच ड्रॉवर दिसतो. गिऱ्हाईक वीस, पण बिलिंगचं तिसरं सॉफ्टवेअर. विक्री सुरू नाही, पण लोगो चौथ्यांदा. फोटोसाठी रिंग लाइट, मग बॉक्स लाइट, मग नवीन फोन. आणि कोर्स! माझाच कोर्स पूर्ण न करता दुसऱ्याचा घेतलेले लोक मला माहीत आहेत (माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय, लक्षात घ्या). प्रत्येक नवी वस्तू तीन दिवस काम केल्यासारखं वाटायला लावते. फेक कुठे वाकडी जाते ते बघायचं राहून जातं. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीच्या काळात एका साधनाला नव्वद दिवस द्यावेत, आणि त्या नव्वद दिवसांत जी अडचण येईल तिला आधी आपला हात जबाबदार धरावा, मग साधन.

पण एका ताईंनी मला इथे बरोबर पकडलं. त्या चटण्या आणि मसाले करतात. अकरा प्रकार होते, त्यातले आठ पडून राहायचे. मी जोशात म्हटलं, "ताई, एकच पदार्थ धरा, योयोसारखा." त्या म्हणाल्या, "सर, तुमचा योयो छंद आहे. माझं घर एका चटणीवर चालायचं नाही. पावसाळ्यात शेंगदाण्याला वास लागला तर मी काय विकू?" मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं.

याचं उदाहरण योयोच्याच इतिहासात आहे. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेसने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे योयोचा कारखाना काढला. पुढे डोनाल्ड डंकन याने तो धंदा विकत घेतला आणि दुकानांच्या बाहेर, चौकात फिलिपिनो तरुण उभे केले. ते योयो फिरवून दाखवायचे, पोरांना शिकवायचे, कोणी विकत घेतला तर त्यावर चाकूने नारळाचं झाड नाहीतर पक्षी कोरून द्यायचे. माझ्या मते रिटेलमधला हा सगळ्यात देखणा डेमो. डंकन कंपनी वर्षानुवर्षे योयोवर चालली. पण नंतर टीव्हीच्या जाहिरातींचा खर्च वाढला, त्यात १९६५ मध्ये कोर्टाने सांगितलं की योयो हा आता सर्वसाधारण शब्द झालाय, त्यावर एका कंपनीचा हक्क नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डंकन हे नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. म्हणजे शिकताना एक वस्तू धरणं वेगळं, आणि पोट एकाच वस्तूवर टांगणं वेगळं. हा फरक मी ताईंना आधी सांगायला हवा होता. शेवटी आम्ही असं ठरवलं की पदार्थ चार ठेवायचे, पण पाकीट, साइज आणि विकायची जागा नव्वद दिवस एकच. सध्या त्यांचा दुसरा महिना चालू आहे, त्यामुळे निकाल विचारू नका.

दुसरा अपवाद खेळातलाच. टू-ए नावाचा प्रकार आहे, दोन्ही हातांत दोन योयो घेऊन गोल गोल लूप मारायचे. तिथे एका योयोने भागत नाही, आणि माझा निळा तर मुळीच चालत नाही, कारण तो स्वतःहून हातात परत येतच नाही. लूपला झटक्यासरशी परतणारा योयो लागतो. कामच वेगळं असेल तर हत्यार वेगळं घ्यायचं, त्यात कसली लाज नाही. "हे काम मला माझ्याकडच्या वस्तूने करता येत नाही" आणि "हे काम मला अजून येत नाही" यातलं नेमकं काय खरं आहे, ते आधी तपासा म्हणजे झालं. मला स्वतःला ते तपासायला नव्वदऐवजी एकशे एकतीस दिवस लागले, मधल्या त्या चोरीमुळे.

दुकानात एक बदल मात्र मी चॅलेंज चालू असतानाच केला. आधी दाराजवळच्या हुकांवर बारा प्रकारचे योयो टांगलेले असायचे. पोरं यायची, सगळ्यांना हात लावायची, गोंधळायची आणि चेंडू घेऊन जायची. आता तिथे एकच मॉडेल, तीन रंगांत. शनिवारी संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहतो आणि तेच मॉडेल फिरवतो. पोरांना दोरी किती ठेवायची ते दाखवतो. योयो जमिनीवर ठेवून दोरी बेंबीपर्यंत मापायची आणि वरची कापायची. त्यांच्या समोर, त्यांच्याच उंचीला. गेल्या चार शनिवारी मिळून सव्वीस गेले. आधी महिन्याला पाच-सहा जायचे. नारळाचं झाड कोरता येत नाही अजून, मार्करने नाव लिहून देतो.

दहा ऑगस्टला खोकं खाली काढलं. बायको आणि मी जमिनीवर बसून सगळे रांगेत मांडले. लूपिंगची एक जोडी ठेवली आणि सगळ्यात पहिला घेतलेला ठेवला, बाकी तेरा खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विकायला टाकले. साडेसहा हजारवाला चार हजार आठशेला गेला. आतापर्यंत दहा विकले गेलेत, एकवीस हजार आले, ते तसेच्या तसे होलसेलरच्या खात्यावर टाकले. तो फोन आता मी उचलतो. उरलेले पैसे गणपतीच्या सीझननंतर द्यायचं बोलणं झालंय.

तीन योयो अजून विकायचे बाकी आहेत. बायको रोज विचारते.

तुमच्या ड्रॉवरमध्ये काय आहे आणि त्यातलं नेमकं काय बिघडलंय, ते खाली लिहा. चटणीवाल्या ताईंचे नव्वद दिवस पूर्ण झाले की त्यांच्या परवानगीने त्यांच्या हिशेबाचा व्हिडिओ टाकतो, जो काही निकाल येईल तो.