रुग्ण हा गिऱ्हाईक नव्हे

वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून समूळ माफ करण्याचा जो निर्णय जीएसटी परिषदेने घेतला, त्याचे स्वागत करण्यास आमची हरकत नाही. आजारपणाच्या भयावर कर बसविणे हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट होती, आणि तो कर इतकी वर्षे वसूल करणाऱ्यांनीच त्याच्या माफीचे नगारे वाजवावेत यात औचित्य कितपत आहे, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. परंतु या करमाफीला आरोग्यसुधारणेचे बिरूद लावून जो जयघोष चालला आहे, तो ऐकताना केनेथ ॲरो या दिवंगत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही, आणि आमच्या राज्यकर्त्यांच्या अशा प्रत्येक घोषणेगणिक त्याच्याविषयीचा आमचा आदर वाढत जातो.

ॲरो हा बाजारपेठेचा शत्रू नव्हता. मुक्त बाजारात मागणी आणि पुरवठा यांचा समतोल कोणत्या अटींवर साधतो, याची काटेकोर गणिती सिद्धता १९५४ साली ज्या दोघांनी दिली त्यांपैकी तो एक. १९७२ चे नोबेल पारितोषिकही त्याला मिळाले. परंतु ज्याला बाजाराच्या अटी पुरत्या ठाऊक असतात, त्यालाच त्या कोठे मोडतात हेही दिसते. डिसेंबर १९६३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त लिहिलेल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, आजार सांगून येत नाही, आला म्हणजे खर्चाबरोबर कमाईवरही घाला घालतो, औषधोपचाराचा माल आधी पारखून घेता येत नाही, आणि काय विकत घ्यावयाचे हे रुग्णाच्या वतीने जो ठरवितो तोच बहुधा ते विकणाराही असतो. म्हणून वैद्याने दुकानदारासारखे वागू नये अशी अपेक्षा समाज बाळगतो. म्हणूनच परवाने, व्यवसायनीती आणि धर्मादाय इस्पितळे निर्माण झाली. आणि जेथे बाजार विमा देऊ शकत नाही तेथे सरकारने तो भार उचलावा, असे त्याने स्पष्ट लिहिले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या मंत्रालयांच्या दप्तरी तो निबंध अद्याप दाखल झालेला दिसत नाही.

दाखल झाला असता तर रुग्णाला गिऱ्हाईक समजून त्याचा हप्ता स्वस्त करण्यात कोणी धन्यता मानली नसती. ज्या शेतमजुराने जन्मात विम्याचा हप्ता भरला नाही, त्याला या माफीतून काय मिळाले? २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातील आरोग्यखर्चाच्या दर शंभर रुपयांतील सुमारे ३९ रुपये लोक आपल्या खिशातून भरतात, आणि त्यांतील मोठा वाटा जातो तो दवाखान्याच्या फेऱ्यांवर व रोजच्या गोळ्यांवर, ज्यांना सर्वसाधारण विमा शिवतही नाही. ज्याला मधुमेह वा हृदयविकार आधीच जडला आहे, त्याच्यासमोर कंपनी प्रतीक्षाकाळाचे कलम ठेवते. कंपनीचा यात कसूर नाही. ती ॲरोच्या सिद्धान्ताप्रमाणेच वागते. कसूर आहे तो तिच्याकडून लोककल्याणाची अपेक्षा करणाऱ्यांचा.

२०२५ च्या एप्रिलात, पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीकडे लाखोंची अनामत मागितल्याच्या आरोपाने महाराष्ट्र हादरला होता. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्यात, असा दंडक या राज्यात २००६ पासून आहे. अंमल किती होतो, हे विचारण्याची तसदी संतापाची लाट ओसरल्यावर कोणी घेतली नाही. स्पर्धा वाढली की दर आपोआप उतरतील, असे सांगणारे विद्वान आहेतच. झटका आलेल्या मनुष्याने रुग्णवाहिकेतून दरपत्रके कशी मागवावीत, तेवढे त्यांनी समजावून सांगावे.

दर बांधता येत नाहीत, ही तर निव्वळ मखलाशी आहे. मे २०२० मध्ये, कोविडच्या साथीच्या ऐन कहरात, याच राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली होती. साथ गेली आणि ते धैर्यही गेले. दरांविषयीही तरतुदी असलेला केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने आजवर स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर आणि त्याच्या डागडुजीवर आपला कारभार चालला आहे. दिल्लीची तऱ्हा याहून निराळी नाही. सार्वजनिक आरोग्यावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत करू, असे अभिवचन २०१७ च्या आरोग्य धोरणात दिले होते. २०२१-२२ चा आकडा १.८४ होता. तूट मोजण्याची वेळ आली की आमच्या सरकारांना अर्थशास्त्रज्ञ आठवतात, आणि तेही सोयीचे तेवढेच.

करमाफीचे श्रेय ज्यांना घ्यावयाचे त्यांनी खुशाल घ्यावे. परंतु राज्य सरकारने २०१० चा तो कायदा स्वीकारण्याचा ठराव, दरांविषयीच्या तरतुदींना बगल न देता, येत्या नागपूर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा.