आमची मांडणी कुणी हलवली?



आपण चार दिवस घरी नसताना कुणी मायाळू नातेवाईक येऊन स्वयंपाकघर ‘नीट लावून’ जातात, तेव्हा काय होतं ते सांगायला नको. मिसळणाचा डबा वरच्या फळीवर, चहापूड रव्याच्या डब्यात, झारा कुठे ते देव जाणे. हरवलेलं काहीच नसतं, सापडत मात्र काही नाही. संगणकाचं अपडेट हा याच जातीचा पाहुणा. आपण झोपलेले असताना येतो आणि सकाळी पडद्यावरची अक्षरं बारीक झालेली असतात, रंग बदललेले असतात, दोन पडदे जोडले असतील तर डावीकडचा उजवीकडे गेलेला असतो. वर हसतमुख निरोप, की सर्व तयार आहे!

आपल्या मराठी माणसांना यातला एक जाच इतरांपेक्षा जास्त होतो, तो अक्षरांचा. मराठीतला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीतला ल दांडीचा आणि श गाठीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ल ला एकच क्रमांक आहे. पडद्यावर कुठलं रूप उमटणार ते टंक ठरवतो, म्हणजे आपण ज्याला फाँट म्हणतो तो. काही टंकांत दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे अशी खूण संगणकाला दिलेली असेल तरच मराठी रूप पुढे येतं. ती खूण पुसली गेली किंवा टंक बदलला, की अक्षर तेच राहून त्याचा चेहरा बदलतो. मोठ्यांना यात फारसं काही वाटत नाही. पण इथे दुबईत वाढणाऱ्या मुलांना मराठी अक्षरं भिंतींवर, बसवर, दुकानांच्या पाट्यांवर दिसत नाहीत. त्यांनी ल पाहायचा तो पडद्यावर आणि मराठी वर्गाच्या झेरॉक्स कागदावर. दोन ठिकाणी दोन ल दिसले, तर चूक कोणाची असं सहा वर्षांच्या मुलाने कोणाला विचारायचं?

टंकांच्या या हलवाहलवीचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ आला. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी, म्हणजे अक्षरकलेतल्या आपल्याच मोठ्या माणसाने. त्याआधी देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले टंक वापरावे लागत, आणि तो टंक समोरच्याकडे नसला की मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. मंगल आणि युनिकोड आल्यावर ती भेळ संपली, हे उपकार मान्य करायलाच हवेत. मग २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘निर्मला’ आला. २०१५ च्या विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह ही मंडळी मुख्य सामानातून काढून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ नावाच्या ऐच्छिक पेटीत ठेवली गेली. ज्याच्या यादीत देवनागरीतली भाषा आहे त्याला ती पेटी आपोआप मिळते, इतरांनी ती मागून घ्यायची. गंमत अशी, की टंक जागेवर नसला तरी वर्डच्या चौकटीत नाव ‘मंगल’ असंच दिसत राहतं आणि खाली अक्षरं दुसऱ्याच टंकाची उमटतात. रुंदी वेगळी, त्यामुळे चार पानांत बसवलेला मजकूर पाचव्या पानावर सांडतो. अल बर्शातल्या कुठल्याही टायपिंग सेंटरमध्ये मराठी फाईल पेन ड्राइव्हवरून उघडून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

असं का होतं? यात कुणाचा दुष्टपणा नसतो. मोठं अपडेट म्हणजे डागडुजी नव्हे, तर शेजारी नवं घर बांधून सामान तिकडे हलवणं. हलवणाऱ्या मुकादमाकडे यादी असते. आपण केलेला बदल त्याच्या माहितीतल्या जागी, म्हणजे आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये असेल तर तो बहुधा सोबत येतो. आपण, किंवा आपल्या हुशार भाच्याने, सिस्टिमच्या स्वतःच्या फाईलमध्ये हात घालून बदल केला असेल, तर त्या फाईलवर नवी फाईल बसते आणि आपला बदल संपतो. पडद्याचा ड्रायव्हर बदलला तर पडद्याशी ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून. मग अक्षरांचा आकारही कारखान्यातून आला तसा होतो.

मुकादमाची अडचण आम्हाला समजते. न विचारण्याचं समर्थन मात्र होत नाही. डेबियन नावाची लिनक्सची एक जुनी शाखा आहे, १९९३ पासूनची. तिचा लेखी नियम असा, की वापरणाऱ्याने सेटिंगच्या फाईलमध्ये केलेले बदल नव्या आवृत्तीने जपलेच पाहिजेत. दोन्हीकडे बदल झाला असेल तर ती थांबून विचारते, तुमची ठेवू की आमची घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर ‘तुमची’ राहते. म्हणजे हे करता येत नाही असं नाही. आपल्या इथल्या सरकारने १ जानेवारी २०२२ पासून सुट्टीचे वार बदलले, तेही डिसेंबर २०२१ मध्ये आधी जाहीर करून!

आम्ही पेशाने रसायनवाले. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. औषध उद्योगात संगणकातल्या नोंदींनाही हेच लागू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली नियम केला, की बदलामुळे आधीची नोंद झाकली जाता कामा नये, आणि कोणी केव्हा काय बदललं हे यंत्रानेच लिहून ठेवावं. घरातल्या पडद्यालाही एवढी शिस्त मागायला काय हरकत आहे?

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. ओळखीच्या एका घरी हिवाळ्यात आलेल्या आजी टॅबलेटवर रोजचं वर्तमानपत्र वाचायच्या, अक्षरं भरपूर मोठी करून. एका सकाळी ती लहान झाली. आजींनी कुणाला काही विचारलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वाटलं डोळेच उतरले. तीन आठवडे त्या नुसत्या बसून होत्या आणि घरच्यांना वाटलं, आजींना इथे करमत नाही. शेवटी नातवाने सेटिंग उघडून बोट फिरवलं तेव्हा उलगडा झाला. तीन आठवडे गेले ते गेलेच.

तेव्हा एवढं करून ठेवा. पडद्याचं रिझोल्यूशन, स्केलचा टक्का, अक्षरांचा आकार आणि वापरता त्या टंकाचं नाव कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाईलने फोटो काढलात तरी चालेल. भाषांच्या यादीत मराठी घाला, म्हणजे ती ऐच्छिक पेटी आपोआप येईल. अक्षरं मोठी करायची तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मधूनच करा, फायलींमध्ये शिरू नका. विंडोजचं मोठं अपडेट अगदीच सोसलं नाही तर साधारण दहा दिवसांत मागे जाता येतं, नंतर जुनं सामान पुसलं जातं. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे टंक मोफत आहेत. मुलांच्या सरावाचे कागद त्यांत काढावेत असं आम्ही सुचवू. आणि घरी आजी-आजोबा आले असतील तर अपडेटच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसून ‘दिसतंय ना नीट?’ एवढं विचारा.

पुढच्या अंकासाठी मजकूर पाठवणाऱ्यांना विनंती: वर्डच्या फाईलबरोबर पीडीएफही पाठवा. पीडीएफ करताना टंक आत बांधला गेलाय ना ते पाहून घ्या, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात आपला ल आपलाच राहील.