घण नको, पुलर द्या!



मालगाडीचे इंजिन शेडमध्ये उभे आहे, कंट्रोलचा फोन पुन्हा पुन्हा वाजतो आहे आणि एक जाम पार्ट काही केल्या निघत नाही. अशा वेळी आमच्या जबलपूरकडे हुकूम सुटतो, "लगा दे घन!" घण लागतो. कधी पार्ट निघतो, कधी फुटतो, आणि कधी माणूस कायमचा जायबंदी होतो.

मी खलाशी म्हणून भरती झालो त्याला तीस वर्षे होऊन गेली. त्या काळात एका शेडमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एका फिटरचा डोळा गेला. कडक पोलादाच्या पिनवर पोलादी हातोडा मारला की कपची उडते, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. त्याने पितळी ड्रिफ्ट मागितला होता, स्टोअरमध्ये नव्हता. चौकशीत शेरा पडला : "कामगाराचा निष्काळजीपणा." ड्रिफ्टची मागणी कोणाच्या टेबलावर पडून होती, हे चौकशीने विचारले नाही.

हत्याराचे शास्त्र काही अवघड नाही. ट्रॅक्शन मोटरचे पिनियन तापवून निमुळत्या शाफ्टवर बसवतात. थंड झाले की ते शाफ्टला आवळून धरते. ते काढण्यासाठी हायड्रॉलिक पुलर असतो, कारण तो सरळ आणि सारखा ओढतो. घणाचा घाव एकाच बाजूला बसतो. शाफ्टला ओरखडा पडतो, बेअरिंगला मार लागतो आणि ते नुकसान पुढे लाइनवर बाहेर येते. जुन्या अल्को डिझेल इंजिनाच्या सोळा सिलिंडरांचे लायनर काढायलाही पुलरच लागायचा. आता आमच्या मार्गावर विजेची इंजिने धावतात, पण पिनियन तिथेही आहेच.

गंजलेल्या नटाला गंज सोडवणारे तेल द्यावे आणि थांबावे. मापाचा सहा कोनी सॉकेट लावावा. तरीही निघाला नाही तर तेल पुसून, आग विझवण्याची सोय जवळ ठेवून, बाहेरचा भाग तापवावा. 100 मिलिमीटरचे पोलादी भोक 100 अंशांनी तापले तर सुमारे 0.12 मिलिमीटरने मोठे होते, आणि तेवढी फट पुष्कळदा पुरते. स्टड तुटलाच तर ड्रिल करून एक्स्ट्रॅक्टर घालावा. पान्याला पाइप जोडून त्यावर लोंबकळणे ही मर्दुमकी नव्हे. पाना सटकला की बोटे जातात, आणि साहेबाची नव्हे, आपली जातात.

आता कायदा पाहा. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने फॅक्टरीच्या व्याख्येतून रेल्वेची रनिंग शेड सरळ वगळली. त्याची जागा घेण्यासाठी केलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती व्याख्येबाहेरच आहे. म्हणजे तोच पार्ट, तोच घण, तोच धोका. पण वर्कशॉपमधला कामगार फॅक्टरीतला आणि शेडमधला नाही! उलट, डोळा गेल्यावरचा हिशेब मात्र कायद्याने चोख करून ठेवला. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा शाबूत असेल तर, एक डोळा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत 40 टक्के घट, असे लिहिले होते. डोळा गेल्यावर टक्केवारी लावण्यापेक्षा आधी पुलर द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

1 एप्रिल 2003 पर्यंत आम्ही मध्य रेल्वेत होतो. मोठे कागद मुंबईला जात. त्या दिवशी पश्चिम मध्य रेल्वे सुरू झाली आणि मुख्यालय जबलपूरलाच आले. मुख्यालय दाराशी आले, पण एका हत्याराच्या इंडेंटला अजूनही महिने लागतात. जिथे हत्यार आहे, तिथे ते "खराब होईल" म्हणून कुलपात असते.

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक सेक्शनमध्ये कामानुसार हत्यारांची यादी भिंतीवर लागावी. रात्रपाळीतही टूलरूम उघडी असावी. कंत्राटी कामगारालाही तेच हत्यार आणि तोच चष्मा मिळावा. रनिंग शेड कायद्याच्या व्याख्येत यावी. शाखांनी हा विषय पुढच्या पी.एन.एम. बैठकीत घ्यावा. पोस्टातील मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्या बांधवांनीही आपल्या शाखेत तो मांडावा. जाम नट रेल्वे आणि पोस्ट असा भेद करीत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या हातची आहे. हत्यार नसेल तर रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह तसे लिहा, सुपरवायझरची सही घ्या आणि शाखेला कळवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेली ओळ चौकशीत आपल्या बाजूने उभी राहते. त्या फिटरने मागितलेल्या ड्रिफ्टची अशी एक ओळ कुठे असती, तर तो शेरा मारणे इतके सोपे गेले नसते.

कामगार एकजुटीचा विजय असो!