माघार घेणारा

ऑक्टोबर १९६२. क्यूबात रशियाची अण्वस्त्रं, समोर अमेरिका. युद्ध टळलं आणि कौतुक झालं ते केनेडींचं. सेनाधिकाऱ्यांचा हल्ल्याचा आग्रह त्यांनी मानला नाही, हे मोठंच. पण मला ख्रुश्चेव्ह जास्त आठवतात. क्षेपणास्त्रं क्यूबात नेली त्यांनीच, हे खरं. पण २८ तारखेला ती परत न्यायचंही त्यांनीच जाहीर केलं. बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं निघणार होती, ती बोली मात्र गुप्त! म्हणजे जगापुढे हरले ते एकटेच. घरातल्या भांडणात जी आधी गप्प बसते, तिचंच चुकलं असं आपणही म्हणतोच ना? १९६३ च्या एप्रिलपर्यंत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं निघाली. १९६४ च्या ऑक्टोबरात सहकाऱ्यांनी ख्रुश्चेव्हना खुर्चीवरून उतरवलं. क्यूबातली माघारही त्यांना भोवली होती.