खर्जाचे सोबती

मैफलीत तंबोऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु तो क्षणभर थांबला, तर जाणत्या-अजाणत्या प्रत्येक श्रोत्याला काहीतरी उणे झाल्याचे जाणवते. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात हेच भागधेय बेस गिटारच्या वाट्याला आले आहे. तंबोरा एका जागी स्थिर राहून आधार देतो, बेस गिटार गाण्याच्या पावलाबरोबर चालत आधार देते, एवढाच काय तो भेद. टाळ्या गायकाला, फार तर पुढे उभे राहून गिटार वाजविणाऱ्याला. खर्जाच्या तारा छेडणारा कलावंत आपला मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी उभा. लग्नकार्यात पंगतीत मिरवणारे निराळे आणि कोठीघर सांभाळणारे निराळे, त्यांतलाच हा प्रकार.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता नातवंडे गिटार शिकतात. त्यांतल्या एखाद्याने ‘मला बेस हवी’ असा हट्ट धरला, म्हणजे वडीलमंडळी गोंधळात पडतात. घरात सहा तारांची गिटार असताना ही चार तारांची कशासाठी? आणि तीही कोणा अनोळखी माणसाने वापरलेली? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून या महिन्यात आम्ही या वाद्याविषयी, आणि त्याहूनही त्याच्या देवघेवीभोवती जमलेल्या माणसांविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

पूर्वी नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत हे काम उभ्या ‘डबल बेस’कडे असे. माणसाहून उंच असे ते वाद्य प्रवासात न्यावयाचे म्हणजे एक दिव्यच. आणि एवढे करूनही त्याचा आवाज पितळी वाद्यांपुढे बुडून जाई. विजेवर चालणारी लहान बेस करून पाहण्याचे प्रयत्न काहींनी केले होते. परंतु लोकांच्या हाती रुळली ती लिओ फेंडर यांची. कॅलिफोर्नियात रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालविलेल्या या गृहस्थांनी १९५१ साली पट्ट्याने गळ्यात अडकवून वाजविता येईल अशी बेस बाजारात आणली. दांडीवर पडदे बसविलेले असल्यामुळे स्वर अचूक लागे, म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’. १९६० साली त्याच कारखान्यातून ‘जाझ बेस’ निघाली. तारा चारच – ई, ए, डी आणि जी – पण साध्या गिटारच्या त्याच नावाच्या जाड तारांहून एक पूर्ण सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. असा स्वर कानांइतकाच छातीत ऐकू येतो.

आता माणसांकडे वळू. एका वाद्यवृंदात गिटार वाजविणारे दोन असतात, गाणारे तीन असू शकतात; बेस वाजविणारा मात्र बहुधा एकटाच. आपल्या विद्येतला दुसरा माणूस त्याला रंगमंचावर भेटतच नाही. तो भेटतो दुरुस्ती करणाऱ्याच्या बाकावर, वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि सर्वांत अधिक जुन्या वाद्याच्या खरेदी-विक्रीच्या निमित्ताने. कामासाठी चढाओढ यांच्यातही असते. परंतु आजारपण आले किंवा एकाच रात्री दोन ठिकाणची बोलावणी आली, की बदली म्हणून ज्याला पाठवावयाचे तो दुसरा बेसवालाच असतो. त्यामुळे ही मंडळी परस्परांना धरून राहतात. बेस वाजविणाऱ्यांची देवघेव ही म्हणूनच निव्वळ बाजारातली देवघेव उरत नाही. दोन अनोळखी माणसे भावाची घासाघीस करावयास म्हणून भेटतात, आणि दोन तासांनी, वाद्य आळीपाळीने मांडीवर घेऊन, कोणत्या गाण्यात कोणी काय वाजविले याची उजळणी करीत बसलेली आढळतात.

बैल विकताना दावे आपल्याजवळ ठेवून घेण्याची चाल आमच्याकडील शेतकऱ्यांत आहे. इथली रीत नेमकी उलटी. भला बेसवाला वाद्याबरोबर पट्टा देतो, पेटी देतो, दांडीची सळई फिरविण्याची किल्ली देतो. शिवाय कोणता पडदा झिजला आहे आणि कोणती खुंटी सैल आहे हेही आपण होऊन सांगतो. कारण खोटे वाद्य खपविल्याची वार्ता एवढ्याशा मंडळात लपत नाही, आणि तसे करणाऱ्याला पुढच्या वेळी बदली मिळत नाही. शब्दाला किंमत आहे, म्हणून वस्तूला किंमत आहे.

या सोबतीचे बळ केवढे असते, ते अलीकडे एका वाद्याच्या कथेने जगाला दाखविले. १९६१ साली लिव्हरपूलचे बीटल्स जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी वाजवीत असत. त्यांचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बाहेर पडला आणि बेस अक्षरशः पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडली. अमेरिकन फेंडर परवडण्यासारखी नव्हती. सुमारे ३० पौंडांत मिळाली ती हॉफनर या जर्मन कारखान्याची, व्हायोलिनच्या घाटाची, वजनाला हलकी बेस. मॅकार्टनी डावखुरे, दोन्ही अंगांनी सारखा असलेला तो घाट त्यांच्या हाती विचित्र दिसत नसे, हेही एक कारण झाले. ‘लव्ह मी डू’ आणि ‘शी लव्ह्ज यू’ यांतला खर्ज याच वाद्याचा.

१९७२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात रात्री उभ्या असलेल्या एका गाडीतून ही बेस चोरीस गेली. पुढे दशके लोटली. २०१८ साली हॉफनर कंपनीशी संबंधित निक वास यांनी तिचा माग काढावयास आरंभ केला. पुढे स्कॉट आणि नेओमी जोन्स हे पत्रकार दांपत्य त्यांना येऊन मिळाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जगभर जाहीर आवाहन केले. कोणावर दोषारोप नाही, शिक्षेची धमकी नाही. वाद्य मूळ धन्याकडे परत जावे, एवढीच इच्छा. ठिकठिकाणच्या रसिकांनी आठवणी, ऐकीव गोष्टी, जुनी छायाचित्रे कळविली. मग धागा जुळला. चोरी झाल्यावर ते वाद्य परिसरातल्याच एका मद्यगृहाच्या चालकाच्या हाती किरकोळ मोबदल्यात आले होते, आणि पुढे त्याच्या कुटुंबात वारशाने फिरत फिरत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत ससेक्स परगण्यातील एका घराच्या माळ्यावर येऊन पडले होते. घरच्या मंडळींना ते काय आहे याची जाणीव होताच त्यांनी मॅकार्टनी यांच्याकडे निरोप धाडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाद्य परत मिळाल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या कार्यक्रमात ८२ वर्षांच्या मॅकार्टनी यांनी ते पुन्हा रसिकांसमोर वाजविले.

या वाद्याची किंमत एक कोटी पौंडांपर्यंत जाईल असे अंदाज वृत्तपत्रांनी बांधले होते. मोह पडावा असाच तो आकडा. तरीही वस्तू परत गेली. कोणाच्या बडग्याने नव्हे, तर ज्यांना त्यातून दमडीही मिळावयाची नव्हती अशा माणसांच्या चिकाटीने आणि एका घराच्या सद्‌बुद्धीने. आम्हांस या कथेतील कीर्तीपेक्षा हीच बाजू अधिक मोलाची वाटते.

सर्वच कथांचा शेवट असा गोड होत नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरी मोटाऊन कंपनीच्या असंख्य तबकड्यांवर खर्ज धरणारे जेम्स जेमर्सन यांची १९६२ सालची प्रिसिजन बेस १९८३ साली, त्यांच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी, चोरीस गेली. वर्षानुवर्षे तबकडीवर ज्यांचे नावही छापले गेले नाही, अशा या थोर वादकाला शेवटी ते वाद्यही जवळ उरले नाही. जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ सालच्या जाझ बेसचे पडदे काढून टाकून दांडीवर नावांना लावतात ते राळेचे लुकण चढविले होते; तिच्यातून निघणारा गळ्यासारखा मींडयुक्त स्वर ही त्यांची ओळख झाली. १९८६ साली न्यूयॉर्कच्या एका बागेतून ती नाहीशी झाली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३५ व्या वर्षी, तेही गेले. सुमारे वीस वर्षांनी ती एका विक्रेत्याकडे प्रकट झाली तेव्हा कुटुंब आणि विक्रेता यांच्यात वाद उभा राहिला. तो मिटविण्यासाठी पैसा घातला तो रॉबर्ट ट्रुजिलो या दुसऱ्या एका बेसवादकाने. बेसवाल्याच्या मदतीला बेसवालाच आला.

आमच्याकडेही हे नाते आहेच. गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईस गेलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतली टोनी वाझ यांची बेस आपण सर्वांनी ऐकली आहे. नाव किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

तेव्हा घरातल्या मुलाला किंवा मुलीला जुनी बेस घेऊन द्यावयाची झाल्यास काय पाहावे? सोबत वाजविणारा माणूस न्यावा, हे पहिले. दांडी एका टोकाकडून डोळा लावून पाहावी. ती किंचित वाकलेली असेल तर भिण्याचे कारण नाही. आतली पोलादी सळई फिरवून ती सरळ करता येते. परंतु ती पिळवटलेली असेल, तर वाद्य कितीही स्वस्त असो, हात जोडून परत फिरावे. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून पाहावी. स्वर कोठे अडखळतो, कोठे झणझणतो, ते कळते. बटणे फिरविताना खरखर झाली तर बहुधा धूळ असते, ती साफ होते. आवाज अजिबात नसेल तर आतल्या जोडण्या किंवा तारांचा कंप विजेत उतरविणारे वेटोळे तपासावे लागेल. तरुण किंवा लहान चणीच्या हातांना ३४ इंचांच्या लांबीपेक्षा ३० इंचांची लहान बेस सोपी पडते. आणि बेसबरोबर ध्वनिवर्धकाचा खर्चही हिशेबात धरावा, कारण विजेवाचून ही मुकीच.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र वाद्याला नव्हे, विकणाऱ्याला विचारावयाचा : ‘हे तुमच्याकडे कोठून आले?’ सरळ माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. भाव अवाजवी कमी, विकण्याची घाई, क्रमांक खरवडलेला, अशी लक्षणे दिसली की थांबावे. आमच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व असे, की विकणाऱ्याची मालकी जेवढी, त्याहून अधिक मालकी सामान्यतः घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीची वस्तू भोळेपणाने घेतली तरी मूळ धनी आल्यास ती जावयाची. आणि जाणूनबुजून घेतली तर तो गुन्हाच – पूर्वी भारतीय दंडविधानाचे ४११ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे आहे. म्हणून साध्या कागदावर का होईना, नाव, तारीख, रक्कम आणि वाद्याचा क्रमांक लिहून दोघांनी सह्या कराव्या. ओळखीत कागद कशाला, असे म्हणू नये. ओळख टिकावी म्हणूनच कागद. कायद्याहूनही मोठी गोष्ट ही, की त्या चोरीमागे बहुधा एखादा गरीब वादक असतो. त्याचे वाद्य म्हणजे त्याच्या चुलीचे सरपण.

आणि विकणाऱ्यांसाठीही एक शब्द. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, तेव्हापासून मराठी घरांत वाद्ये आली. मिरजेचे तंबोरे आले, पेट्या आल्या, पुढच्या पिढीत गिटारही आल्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आपल्याला अभिमान वाटला. पण त्याच मिरजेचा एखादा भोपळा आपल्याच माळ्यावर, पत्र्याच्या उष्णतेत, भेगाळत पडलेला नाही ना? गेलेल्या माणसाचे वाद्य काढून टाकणे जिवावर येते, हे आम्ही समजू शकतो. परंतु न वाजणाऱ्या वाद्यात त्या माणसाची आठवण राहत नाही, वाळवी राहते.

माळ्यावरची वस्तू एकदा खाली काढावी, पुसावी, जाणत्याला दाखवावी. घरात वाजविणारे कोणी असेल तर उत्तम. नसेल, तर सर्वांत चढा भाव देणाऱ्याला नव्हे, ती वाजवील अशा माणसाला रास्त भावात द्यावी. सोबत पेटी द्यावी, तिचा इतिहास द्यावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘कशी वाजते?’ असे विचारण्याचा हक्क तेवढा आपल्याकडे राखून ठेवावा.