विश्लेषण : मोबाइल गेममधून 'जगाचा नागरिक' घडतो का? माहूरच्या शाळांना काय करता येईल?

मोबाइल गेमबद्दल घराघरांत दोनच वाक्यं ऐकू येतात. 'डोळे जातील' आणि 'पैसे जातील'. दुसऱ्या वाक्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये थेट कायदाच केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्याने बंदी आली. पण त्याच कायद्याच्या नावात 'प्रोत्साहन' हा शब्दही आहे. ई-स्पोर्ट्सना मान्यता आणि मनोरंजन, शिक्षण, कौशल्य यासाठीच्या गेमना पाठबळ देण्याची तरतूद त्यात आहे. बंदीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, या तरतुदीकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

या प्रोत्साहनाचं काय करायचं, हा प्रश्न मुंबई-पुण्याइतकाच माहूरलाही लागू आहे. गेम आणि मोबाइल वापरून मुलांना 'जागतिक नागरिकत्व' शिकवावं, असा विचार जगभर काही वर्षं सुरू आहे. तो इथे चालेल का? माझं मत आधीच सांगतो : चालेल, पण गेम डाउनलोड करून मुलांच्या हातात दिला की काम झालं, असं समजलात तर नाही चालणार.

जागतिक नागरिकत्व म्हणजे नेमकं काय?

पासपोर्टशी याचा संबंध नाही. आपल्या गावात जे घडतं त्याचा धागा दूरच्या देशात असतो, तिथल्या माणसालाही आपल्यासारख्याच अडचणी असतात आणि आपल्या वागण्याचा त्याच्यावर परिणाम होतो, एवढं समजून वागणं म्हणजे जागतिक नागरिकत्व. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ४.७ क्रमांकाचं लक्ष्य याचंच आहे आणि मुदत २०३० ची. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा शब्द आहे.

शब्द भारदस्त असल्यामुळे माहूरच्या बसस्थानकावर उभं राहून तो परका वाटतो. म्हणून कापसाचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं आणि नंतर ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कारण काय, तर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला आणि त्याला स्वस्त कापूस हवा होता. बाहेरचा कापूस येणार म्हटल्यावर इथल्या शेतकऱ्याने भावाची धास्ती घेतली. वॉशिंग्टनमधला निर्णय, तमिळनाडूतल्या गिरण्या, ब्राझीलचा कापूस आणि पैनगंगेकाठचं कोरडवाहू शेत एकाच साखळीत आहेत. माहूरच्या नववीतल्या मुलाच्या घरात दिवाळीला कपडे येणार की नाही, हे त्या साखळीवर ठरतं. तो आधीच जगाचा नागरिक आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

मुलं आधीच जगाशी खेळतात, मग शिकत का नाहीत?

पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. तरी खेळ थांबला नाही. बीजीएमआय आलं, फ्री फायर मॅक्स चालूच राहिलं. या गेममध्ये अनोळखी मुलांची टोळी जमते, हेडफोनवर गप्पा होतात. वेगवेगळ्या राज्यांतली, भाषांतली, धर्मांतली मुलं एका संघात येतात. वरवर पाहता यापेक्षा चांगला वर्ग कुठला?

पण हेडफोनवर दहा मिनिटं ऐकून पाहा. आधी उच्चारावरून गाव ओळखलं जातं, मग नावावरून जात-धर्म आणि मग शिव्या. मुलगी बोलली तर तिचं काय होतं ते लिहायची गरज नाही. सामना अर्ध्या तासात संपतो, टोळी मोडते, तो माणूस पुन्हा भेटत नाही. उरलेले सगळे खेळाडू हे फक्त लक्ष्य असतात, कारण शेवटी एकच संघ जगणार असतो.

आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर लॅनची वायर ओढून काउंटर-स्ट्राइक चालायचं. तिथेही शिव्या होत्याच. फरक एवढाच की शिवी दिलेला मुलगा रात्री मेसमध्ये समोर ताट घेऊन बसायचा, त्यामुळे जिभेला आपोआप लगाम लागायचा. ऑनलाइन लॉबीला मेस नसते.

यात मुलांचा दोष कमी आणि रचनेचा जास्त. गेम ज्या गोष्टीला गुण देतो, तीच गोष्ट खेळणारा शिकतो. मारल्याबद्दल गुण असतील तर नेम सुधारतो. समोरच्याला समजून घेतल्याबद्दल गुण असतील, तर निदान प्रयत्न तरी होतो.

समजून घेण्याला गुण देणारे गेम आहेत का?

आहेत, पण सगळे सारख्या दर्जाचे नाहीत. युनेस्कोची महात्मा गांधींच्या नावाची शिक्षण संस्था दिल्लीत आहे. तिने 'वर्ल्ड रेस्क्यू' हा मोबाइल गेम आणला होता. भारत, केनिया, ब्राझील, नॉर्वे, चीन अशा देशांत फिरत विस्थापन, दुष्काळ, जंगलतोड असे प्रश्न सोडवायचे. हेतू उत्तम. पण दुष्काळ दोन-चार स्तरांत सुटतो, हे मराठवाड्यातल्या मुलाला कुणी पटवून द्यायचं? जागतिक अन्न कार्यक्रमाच्या 'फ्रीराइस'मध्ये प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की भुकेल्यांसाठी तांदळाचे दाणे जमा होतात. इंग्रजी शब्द पाठ करायला बरा. पण त्यात दाता आणि घेता एवढंच नातं उरतं.

मला जास्त कामाचे वाटतात ते दोन गेम. पहिला 'धिस वॉर ऑफ माइन'. सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये तुम्ही सैनिक नसता. वेढ्यात अडकलेले सामान्य लोक असता. औषध चोरायचं की आजारी सोबत्याला मरू द्यायचं, असे निर्णय घ्यावे लागतात आणि कुठल्याही निर्णयानंतर छान वाटत नाही. पोलंडने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या वाचनयादीत घेतला, पण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी. आपल्याकडेही तो बारावीच्या आधी देऊ नये.

दुसरा 'बॅड न्यूज'. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या गटासोबत तो २०१८ मध्ये आणला. यात खेळणाराच अफवा पसरवणारा होतो. भीती कशी दाखवायची, खोटा तज्ज्ञ कसा उभा करायचा, लोकांना एकमेकांविरुद्ध कसं भडकवायचं, हे स्वतः करून पाहायचं. एकदा युक्ती हाताने केली की दुसऱ्याने केलेली ओळखू येते. लस जशी काम करते तशी ही कल्पना.

हे परदेशी कौतुक वाटत असेल तर त्याच वर्षीचं राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराला आलेल्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. नंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. कंपनीने बटणाला कुलूप लावलं. बटण दाबणाऱ्या बोटाला काही शिकवायचं राहून गेलं. त्या पाच जणांना परके ठरवायला परदेश लागला नाही, दुसरा जिल्हा पुरेसा होता. जागतिक नागरिकत्वाची परीक्षा अशी आपल्याच बाजारात होते.

महाराष्ट्रात हे कुणी करून दाखवलंय का?

हो, आणि तेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. रक्कम दहा लाख डॉलर, त्यातली अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकातले क्यूआर कोड ही त्यांची ओळख झाली आणि ते कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही आले.

पण आपल्या विषयासाठी त्यांचा दुसरा उपक्रम जास्त महत्त्वाचा आहे. 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' असं त्याचं नाव. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण, अमेरिका-उत्तर कोरिया अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावायच्या. प्रत्येकाला पलीकडचा एक 'शांतिमित्र'. सहा आठवडे दोघांनी मिळून सादरीकरण करायचं, वक्त्यांना एकत्र ऐकायचं, आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या नोंदीनुसार आठ देशांतली १९ हजार मुलं यात सहभागी झाली.

पबजीच्या लॉबीशी याची तुलना करा. तिथे अर्धा तास, इथे सहा आठवडे. तिथे दर वेळी नवा माणूस, इथे तोच. तिथे हरवायचं, इथे एकत्र काम पूर्ण करायचं. तंत्रज्ञान जवळपास सारखंच, साधा व्हिडीओ कॉल. बदलली ती रचना.

आणखी एक गोष्ट बातम्यांत मागे पडली. परितेवाडीच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेत आणला. इस्लामाबाद, जेरुसलेमपर्यंत फोन लावण्यासाठी त्यांना आधी आपल्याच वर्गातली सीमा ओलांडावी लागली.

अर्थात, असा उपक्रम एका माणसाच्या खांद्यावर किती काळ चालणार? फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या त्यांच्या रजेवरून २०२२ मध्ये केवढा वाद झाला, ते आपण पाहिलंच. शिक्षक गेला की प्रकल्पही गेला, असं आपल्याकडे नेहमी होतं.

माहूरमध्ये काय करता येईल?

माहूर-किनवट पट्ट्याकडे एक भांडवल आधीच आहे. इथे मराठीसोबत गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू, दखनी अशा भाषा बोलल्या जातात. नदीपलीकडे विदर्भ, डोंगरापलीकडे तेलंगण. रेणुकामातेच्या नवरात्रात आणि दत्तजयंतीला बाहेरच्या राज्यांतून भाविक येतात, गावात सोनापीर दर्गाही आहे. तरी तांड्यावरचा मुलगा आणि कोलाम पोडावरची मुलगी एका बाकावर बसून एकमेकांच्या भाषेतले दहा शब्दही न शिकता दहावी होऊ शकतात. पहिला 'शांतिमित्र' कराचीत शोधायची गरज नाही. आदिलाबादच्या शाळेत शोधा, व्हिडीओ कॉल तिथेही लागतो. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं. या एका नदीवर दोन राज्यांतल्या मुलांना सहा आठवडे पुरेल एवढं काम आहे.

दुसरं, गेम विकत घ्यायलाच हवा असं नाही. कापसाचाच गेम करा. वर्गात पाच गट : माहूरचा कोरडवाहू शेतकरी, अमेरिकेतल्या टेक्सासचा शेतकरी, तमिळनाडूतला गिरणीमालक, बांगलादेशातली शिलाई कामगार आणि युरोपातला दुकानदार. दर फेरीला शिक्षक मोबाइलवरून एक खरी बातमी वाचणार. शुल्क वाढलं, पाऊस लांबला, डॉलर महागला. प्रत्येक गटाने ठरवायचं, विकायचं की थांबायचं. चौथ्या फेरीत गट बदलायचे. आता माहूरच्या शेतकऱ्याचा गट शिलाई कामगार होतो आणि मघाशी आपणच मागितलेल्या भावामुळे तिची मजुरी कशी अडली, ते त्याला कळतं. एक मोबाइल, एक फळा, रेंज गेली तरी चालतं. डोंगराळ, जंगलाच्या भागात हे शेवटचं महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते. हे शिक्षण घरच्या मोबाइलवर सोडलं तर ते मुलग्यांपुरतंच राहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयोगटातल्या फक्त ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. घरातला फोन आधी वडिलांचा, मग भावाचा, मुलीच्या वाट्याला चार्जिंगला लावायचं काम. म्हणून खेळ शाळेच्या तासालाच हवा, शाळेच्या टॅबवर, शिक्षकासमोर, आणि खेळून झाल्यावर निदान पंधरा मिनिटं बोलायला हवीत. 'तू असं का केलंस?' हा प्रश्न गेम विचारत नाही, तो शिक्षकालाच विचारावा लागतो.

'आधीच अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात गेम कुठे घुसवता?' असं शिक्षक म्हणतील आणि त्यांचं चूक नाही. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं यातून उरलेल्या वेळात ते शिकवतात. म्हणून वेगळा विषय नको. आठवड्यातला भूगोलाचा किंवा नागरिकशास्त्राचा एक तास असा घ्या, बाकी वेळापत्रक आहे तसं राहू द्या.

सुरुवात कुठून करायची, तर किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या आश्रमशाळांतून. मुलं-मुली तिथेच राहतात, वेगवेगळ्या पाड्यांवरून आलेली असतात. संध्याकाळी सगळे एकाच पंगतीला बसतात, त्यामुळे दुपारच्या खेळात कुणी कुणाला फसवलं याचा हिशेब रात्री जेवताना होतोच.