बेरजेचा आकडा कोणाचे दुखणे मोजतो?

खारघरमधील बेलपाडा आता मेट्रोचे स्थानक झाले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर-पेंधर मार्ग सुरू झाला आणि गावाचे नाव फलाटावर झळकले. पण टॉवरमधला आजार आणि चाळीतल्या खोलीतला आजार एकच असला, तरी त्यांची विचारपूस एकसारखी होत नाही. टॉवरमधला माणूस डॉक्टरपुढे अर्धा तास बोलू शकतो. चाळीतल्या बाईच्या वाट्याला बहुधा एक फॉर्म येतो.

हे फॉर्म साधे नसतात. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील माणसांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात मनाच्या आरोग्याचे दोन प्रश्न आहेत. दोन्ही उत्तरांची बेरीज तीनच्या वर गेली तर डॉक्टरकडे पाठवायचे, नाहीतर नाही. कर्करोगाच्या रुग्णांसाठी तीस प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. टाटा रुग्णालयाच्या ज्या संस्थेकडे राज्यभरातून रुग्ण येतात ती अॅक्ट्रेक याच खारघरमध्ये आहे, म्हणून हा विषय आम्हाला परका नाही. आमचा सवाल एवढाच आहे : शेवटी जी बेरीज होते, ती करण्याचा अधिकार त्या आकड्याला कोणी दिला?

या सवालाचे उत्तर शोधण्याची एक रीत संख्याशास्त्रात आहे. तिला बायफॅक्टर मॉडेल म्हणतात. स्पिअरमन यांनी १९०४ साली सर्व बौद्धिक चाचण्यांमागे एकच समान घटक असल्याचे मांडले. १९३७ साली होल्झिंगर आणि स्वाइनफर्ड यांनी त्यात भर घातली. सर्व प्रश्नांतून जाणारा एक समान धागा असतो, आणि त्याशिवाय काही प्रश्नांच्या गटांना बांधणारे वेगळे धागेही असतात. शेकडो लोकांची उत्तरे घेऊन हे धागे सुटे करता येतात. समान धागा बळकट असेल तर बेरीज प्रामाणिक. तो कच्चा असेल तर बेरीज म्हणजे तांदूळ, रॉकेल आणि मीठ एकाच तराजूत घालून सांगितलेले वजन!

हे मराठीत किती महत्त्वाचे आहे ते पाहा. गोल्डबर्ग यांच्या बारा प्रश्नांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत निम्मे प्रश्न सरळ आणि निम्मे उलट अंगाने विचारलेले आहेत. तिच्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी दडल्या आहेत, असे अनेक अभ्यासकांना वाटले. समान धागा बाजूला काढल्यावर दिसले, की त्यातला बराचसा फरक दुखण्याचा नसून प्रश्नाच्या वाक्यरचनेचा आहे. आता आपल्या बोलण्याकडे वळू. "तुम्हाला झोप लागत नाही का?" असे विचारले आणि बाई "नाही" म्हणाली, तर तिला झोप लागत नाही की तिची तशी तक्रार नाही? फॉर्म भरणारा काहीतरी एक खूण करतो आणि पुढे जातो. खूण मात्र बाईच्या नावावर राहते.

दुसरे उदाहरण नैराश्याच्या नऊ प्रश्नांचे. त्यात उदासी आहे, तशीच झोप, भूक आणि थकवाही आहे. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करणारी बाई थकव्याला "रोज" म्हणणारच. तो थकवा मनाचा की कामाचा? शरीराच्या प्रश्नांचा धागा वेगळा काढल्याशिवाय ते कळत नाही. उलट, तिची उदासी खरी असून "कामाने दमली असेल" म्हणून सोडून दिली जाण्याचा धोकाही तितकाच आहे. दोन्हीकडून नुकसान तिचेच.

तिसरे उदाहरण आम्हाला सर्वात जास्त खुपते. कर्करोगाच्या त्या तीस प्रश्नांतून पंधरा मापे निघतात. त्यांचा एकच एकत्रित आकडा काढण्याची रीत २०१६ साली मांडली गेली. त्या बेरजेत तेरा मापे घेतली आणि दोन बाहेर ठेवली. बाहेर ठेवलेल्यांपैकी एक म्हणजे आजारपणाने आलेली पैशाची अडचण! शास्त्र म्हणून हे चूक नाही. पैशाची तंगी हे मळमळ किंवा वेदनेसारखे लक्षण नव्हे. पण बेरजेत न बसणारी गोष्ट अहवालातूनच गेली तर काय होईल? ज्याने उपचारासाठी दागिने गहाण टाकले, त्याचा आकडा चांगला दिसेल आणि घर बुडालेले असेल.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच बजावले होते, की सर्वांना एका सर्वसाधारण मतदारसंघात टाकले तर अस्पृश्यांचा आवाज त्यात बुडून जातो. प्रश्नावलीतही वेगळा धागा वेगळा मोजावा लागतो.

मात्र बायफॅक्टर ही जादूची कांडी नव्हे. हे मॉडेल इतके लवचीक आहे की ते पुष्कळदा सहज जुळते; जुळले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. शिवाय समान धाग्याला "नैराश्य" किंवा "बुद्धी" हे नाव गणित देत नाही, माणूस देतो. आणि दोन प्रश्नांच्या फॉर्मवर तर ही तपासणी करताच येत नाही. तो गाळणी म्हणूनच वापरावा, निकाल म्हणून नव्हे.

गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच प्रश्नावल्या प्राथमिक उपचारासाठी आलेल्या रुग्णांवर, सविस्तर मुलाखतीच्या कसोटीला लावून तपासल्या गेल्या. म्हणजे इच्छा असली तर काम होते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मराठी प्रश्नावली वापरण्याआधी ती बेलपाड्यासारख्या गावठाणात आणि वस्तीत वाचून दाखवा. तपासणीत कष्टकरी स्त्रिया किती होत्या ते छापा. बेरजेत समान धाग्याचा वाटा किती ते सांगा. आणि पैशाच्या अडचणीचे उत्तर बेरजेबाहेर, पण अहवालाच्या पहिल्या पानावर ठेवा.

मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय हाती घ्यावा. आपल्या माणसांची दुखणी मोजणारी फूटपट्टी दुसऱ्यांनी बनवली म्हणून ती फेकून देण्याचे कारण नाही. पण ती सरळ आहे की वाकडी, हे तपासण्याचे शिक्षण आपण घेतलेच पाहिजे.